सहा टाके

त्या दिवशी रुख्मिणीने कापूस दोन ठिकाणी वेचला. कमरेला बांधलेल्या ओटीत उत्तमरावांचा, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून केलेल्या लहानशा झोळीत आपल्या लेकीचा. ओटीतला कापूस बोटेच वेचत होती. तीस वर्षांची सवय, त्याला मन लावावे लागत नाही. झोळीतला मात्र ती डोळ्यांनी वेचत होती. शेंड्याकडचे, सकाळीच पुरते उमललेले, दव सुकून गेलेले, पाचोळ्याचा कणही न चिकटलेले असे बोंड चार झाडांमागे एखादेच सापडे. मग ती थांबे, त्याच्या पाकळ्या हलक्या हाताने सोडवून घेई आणि क्षणभर गालाला लावून पाही. जगात याहून मऊ काही असेल असे तिला कधी वाटले नव्हते.

वडनेर भोलजीच्या शिवारात दुसरी वेचणी भरात होती. सगळी पऱ्हाटी एकदम फुटली होती आणि आभाळ मात्र धुवायला काढलेल्या गोधडीसारखे खाली लोंबत होते. पाणी पडले तर झाडावरचा कापूस काळा पडेल, म्हणून उत्तमरावांच्या तोंडचे पाणी पळाले होते. बारा बायांची टोळी रुख्मिणीची. आठवडाभरात वावर मोकळे करून देते, हा शब्द तिचाच. पण तो दिला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सारिकाला कळा सुरू झाल्या. तीन दिवस तालुक्याच्या दवाखान्यात गेले आणि टोळी तिच्यावाचून रेंगाळली. आज गुरुवारी सकाळी लेकीला आणि नातीला घरी आणून बाजेवर निजवले, आणि दुपारी रुख्मिणी सरीत उतरली. मुदतीचा रविवार आता काही फार लांब नव्हता.

संध्याकाळी काट्यापाशी बाया आपापली गाठोडी घेऊन उभ्या राहिल्या. उत्तमरावांची नजर तिच्या पदराच्या गाठीवर थांबली. त्यात काय आहे, त्यांनी विचारले. रुख्मिणीने इकडेतिकडे पाहिले. काट्यावर दोन पुरुष होते, ट्रॅक्टरवर तिसरा. जे खरे होते ते तिच्या जिभेवर आले आणि तिथेच वाळले.

"लेकराच्या उशीले दोन मुठी घेतला," ती म्हणाली.

"इचारून घ्यायचं अस्ते, रुख्माबाई," उत्तमराव म्हणाले, आणि गंमत म्हणून की कसे कोण जाणे, त्यांनी ती झोळीही काट्याला लावली. काटा हललाही नाही. ट्रॅक्टरवरचा हसला, मग दोघी-तिघी बायाही हसल्या. रुख्मिणीने झोळी सोडवून घेतली, पदर खोचला आणि घराची वाट धरली. अपमान तिला नवा नव्हता; पण खोटे बोलावे लागले याची सल घरापर्यंत पायात रुतत राहिली.

सारिका भिंतीकडे तोंड करून पडली होती. पहिलटकरीण, लेकरू वाटेत अडले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छेद देऊन वाट मोकळी केली आणि नंतर सहा टाके घातले. दवाखाना सोडताना नर्सने टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगितले होते. पण तेव्हा लेकरू टाहो फोडत होते, बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता, आणि रुख्मिणी औषधाच्या खिडकीपाशी होती. सारिकाने मान हलवली. नर्सचे अर्धेअधिक शब्द त्या पलंगापाशीच राहून गेले.

ते नसल्याची उणीव रुख्मिणीला भासली नाही. तिच्यापाशी तिच्या आईचे, आईच्या आईचे शब्द होते. जखम म्हणजे ओल, ओल असेल तिथे पिकते, म्हणून वाळवायचे. बाजेखाली गोवऱ्यांच्या विस्तवाची शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा. पाणी घोटभर, तेही कोमट. 'पानी पेलं का टाके पिकते.' भाजीपाला नाही. दवाखान्यातून दिलेल्या पॅडच्या पुडक्याचा तिने वास घेतला आणि ते बाजूला सारले. प्लॅस्टिकने अंग उबते. त्याऐवजी ती चुलीच्या उजेडात बसली, आणलेल्या कापसातली सरकी एकेक करून बोटांनी काढली, उरलेला कापूस पिंजून जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात घडी केला. दवाखान्यात तरी काय लावतात? कापूसच ना. त्या कापसाला कोणाचे हात लागलेले असतात कोण जाणे. हा तर तिने गालाला लावून निवडला होता.

घडी लेकीच्या हातात देताना तिला सोनाळ्याचे घर आठवले. सोनाळा तिचे माहेर. परसातून सातपुडा हात लांबवल्यासारखा दिसे. चोवीस वर्षांपूर्वी सारिका तिथे जन्मली, तेव्हा छेद कोणी दिला नव्हता. देह आपणहून फाटला होता. 'फाटलं ते सांधते आपसूक,' सुईण म्हणाली, आणि राख लावून गरम विटेचा शेक दिला. सांधले खरे; पण घाईत शिवलेले पोते सांधते तसे. तेव्हापासून रुख्मिणी सरळ बसू शकली नव्हती. जमिनीवर टेकली की भार एका मांडीवर; खोकला आला की लुगडे ओले. याविषयी तिने कोणाला काही सांगितले नव्हते, नवऱ्यालासुद्धा. कचरूला एवढेच माहीत होते की आपली बायको कार्यक्रमात नेहमी मागे उभी राहते. लेकीचे टाके नीट वाळले पाहिजेत, हा तिचा ध्यास त्या जुन्या, न शिवलेल्या जागेतून उगवला होता.

शुक्रवारी सकाळी गौसिया आली. गौसिया गावची आशाताई. मशिदीमागच्या गल्लीत तिचे घर. तिने लेकराला झोळीत घालून वजन घेतले, ताप पाहिला, दूध ओढते का ते पाहिले. मग हात पुसत, जणू सहज, टाक्यांचे विचारले. सारिकाने आईकडे पाहिले. चांगले आहेत, रुख्मिणीने सांगितले. एकदा पाहू द्या, गौसिया म्हणाली.

"थे काय दाखवाची गोठ हाय? दवाखान्यात दहा जनीनं पाह्यलं, तेवढं लय झालं."

गौसियाने आग्रह धरला नाही. भरपूर पाणी पी, प्रत्येक वेळी धू, कोरडे कर, कपडा बदलत राहा, ताप आला, वास आला, ठणका वाढला तर मला बोलाव, असे तिने सारिकाला सांगितले. शेगडीकडे बोट दाखवून म्हणाली की शेक द्यायचा तर कमरेला द्या, खालून नको. रुख्मिणी प्रत्येक वाक्याला 'हाव' म्हणत होती, आणि ते 'हाव' तिला दारापर्यंत पोचवण्याचे होते. गौसिया गेली तशी तिने विस्तवावर नवा ओवा टाकला आणि वावराची वाट धरली.

सारिकाने त्यानंतर काय केले ते तिचे तिलाच ठाऊक. घरातले बोअरचे पाणी खारे. टाक्यांना लागले की अंगभर आग उठे, म्हणून तिने धुणेच कमी केले. गोडे पाणी नळाला आठवड्याने येई, ते पिण्यापुरते. ते असल्या कामाला मागावे कसे? संडासला बसले तर टाके तुटतील या धास्तीने तिने भाकरीही अर्धीच खाल्ली. वापरलेले तुकडे धुऊन ती न्हाणीमागच्या पत्र्याआड, अंधाऱ्या ओलीत, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घाली; बापाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. सरकी काढलेला कापूस आई रोज संध्याकाळी नवा आणी. त्यात किती माया होती ते दिसत होते, म्हणून खाजते, ओढते, काहीतरी अडकल्यासारखे वाटते, हे तिला सांगवेना. देऊळगाव राजाहून नवऱ्याचा, धम्मरत्नचा, फोन येई. मोबाइलच्या दुकानातून सुटी मिळाली की येतो म्हणे; तू कशी आहेस, तो विचारी. बरी आहे, ती सांगे.

शनिवारी सारिकाचे अंग थोडे कोमट लागले. शेगडीची धग, रुख्मिणी मनाशी म्हणाली.

रविवारी दुपारी वावरातल्या निंबाखाली बाया भाकरी सोडून बसल्या. वारा पडला होता. पूर्वेकडे आभाळाचा रंग शिशासारखा होत चालला होता, आणि दहा-बारा सऱ्या उरल्या होत्या. रुख्मिणी नेहमीप्रमाणे एक हात मागे टेकून, एका मांडीवर भार देऊन बसली. टोळीत नाजिश नावाची नवी पोर होती, लग्नाला सहा महिने झालेली, जिभेला हाड नसलेली.

"मावशी, तुमी रोजच अश्या वाकड्या काऊन बसता? दुसरी बाजू कोठी ठेवून येता?"

"घरी, चुलीपाशी," रुख्मिणी म्हणाली. हे उत्तर तिने इतक्या वर्षांत इतक्यांना दिले होते की ते देताना विचार करावा लागत नसे. बाया हसल्या. आणि त्या हसण्यातच तिचा घास तोंडात थांबला.

सकाळी निघताना सारिका लेकराला पाजायला उठली होती. एक हात मागे टेकून, खालचा ओठ दातांत धरून, एका मांडीवर. रुख्मिणीने ते पाहिले होते आणि पाहिले नव्हते. आपली सावली भिंतीवर पडावी तितके ते ओळखीचे होते. आता निंबाखाली, आपल्याच देहाच्या बसण्यातून, तिला लेक दिसली.

तिने भाकरी फडक्यात परत बांधली. कमरेची ओटी सोडून नाजिशच्या मांडीवर ठेवली आणि उठली. बांधावर उत्तमराव उभे होते. आभाळाकडे लागलेले त्यांचे डोळे खाली आले. कुठे चाललात, एवढे आभाळ भरले असताना, त्यांनी विचारले. जवळच ट्रॅक्टरवाला होता.

"पोरीचे टाके पाह्याले," रुख्मिणी म्हणाली. "बाळंतपनाचे. थ्या दिशी उशी नोती करत. खोटं बोलली मी."

उत्तमरावांनी वाटेतून पाय बाजूला घेतला.

घरी येऊन तिने दाराला आतून कडी घातली आणि लेकीला म्हणाली, मला पाहू दे. सारिका आधी नको म्हणाली, मग रडली, मग भिंतीकडे तोंड करून तिने गुडघे वर घेतले. खिडकीच्या उजेडात रुख्मिणीने पाहिले. तिने निवडलेला, गालाला लावलेला कापूस टाक्यांच्या गाठींत तंतू तंतू होऊन गुंतला होता. वाळून घट्ट झाला होता. आणि त्याभोवतीची कातडी पिकत आलेल्या टमाट्यासारखी लाल आणि ताणलेली. तिने एक तंतू ओढायला हात नेला. सारिकाच्या घशातून जो आवाज आला तो कळांच्या वेळीही आला नव्हता. रुख्मिणीने हात मागे घेतला आणि त्या हाताकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

मशिदीमागच्या गल्लीत ती जवळजवळ धावतच गेली. गौसियाच्या दारापुढे तिचा नवरा वाहेद रुई पिंजायचे मशीन चालवत होता. गाद्या भरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. नाकातोंडाला फडके, भुवयांवर पांढरी भुकटी. गौसिया नमाज पढून येतेच, दोन मिनिटे थांबा, तो म्हणाला. पण वाऱ्याकडून उभ्या राहा, हा सारा गचाळा अंगावर येईल. रुख्मिणीने पाहिले. मशीनच्या तोंडात जाणारी रुई दुधासारखी शुभ्र होती. आणि मशीनच्या पोटाखाली काळ्या-तपकिरी धुळीचा ढीग साचला होता. पानांचा चुरा, माती, किड्यांची विष्ठा, आणि तिला तीस वर्षे ओळखीचा असलेला फवारणीच्या औषधाचा उग्र वास.

"हे सारं याच्यातून निंगलं?" तिने विचारले.

"याच्यातूनच. पांढरं दिसते म्हून काय झालं, मावशी. पोराले उचलाच्या आधी मी रोज आंग धुतो."

गौसिया बाहेर आली तेव्हा रुख्मिणी त्या ढिगापाशी उकिडवी बसली होती. ज्या शब्दांची तिने वाटभर तयारी केली होती ते सगळे निघून गेले होते. उरले ते एकच वाक्य.

"माह्या हातानं म्या तिच्या टाक्याले वावरातला कापूस लावला, गौसिया. तीन दिस."

गौसियाच्या चेहऱ्यावरून राग सरकून गेला, तो तिने लपवलाही नाही. मग तिने पिशवी उचलली.

वाटेत ती एवढेच म्हणाली, की त्या दिवशी मीच हट्ट धरायला हवा होता. घरी येऊन तिने साबणाने दोनदा हात धुतले, हातमोजे घातले, आणि पांघरूण गच्च धरून पडलेल्या सारिकाच्या उशाशी वाकली.

"लाज मले दे थोडा वेळ. मी सांभाळते."

सारिकाची बोटे सैल झाली. गौसियाने उकळून निववलेले पाणी हळूहळू सोडून कापूस भिजवला. सुटेल तेवढा सोडवला. जिथे ओढ लागली तिथे थांबली. खालच्या दोन टाक्यांपाशी सूज होती, लाली होती. पू नव्हता, टाका उकललेला नव्हता. ताप नुकता चढू लागला होता. आज दाखवले तर धुऊन आणि औषधाने भागेल, ती म्हणाली. दोन दिवस गेले तर टाके उकलतील, मग महिनोन्‌महिने भरून येणार नाही. उद्या सकाळी जाऊ का, असे दारातून कचरूने विचारले, तर ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. तो ऑटो आणायला गेला.

तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूतीचा विभाग रविवारीही उघडा होता. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून घेतला आणि चिमट्याने एकेक तंतू काढू लागल्या. सारिकाची नखे आईच्या मनगटात रुतली होती, आणि त्या वेदनेबद्दल रुख्मिणीला एक प्रकारची कृतज्ञता वाटत होती. हा कापूस कोणी लावला, बाईंनी मान वर न करता विचारले. सारिका म्हणाली, मीच. रुख्मिणीने तिला पुढे बोलू दिले नाही.

"नाई, बाई. म्या लावला. मऊ हाय म्हून लावला."

चिमटा क्षणभर थांबला. मऊ असतो खरा, बाई म्हणाल्या. पण जखमेवर आम्ही शुद्ध केलेला कापूससुद्धा ठेवून देत नाही, तंतू अडकतात. बरे झाले, आज आलात. टाके शाबूत आहेत.

या वेळी सूचना सांगायची वेळ आली तेव्हा रुख्मिणी औषधाच्या खिडकीशी गेली नाही. ती नर्सच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, हळू सांगा, आणि दोनदा सांगा. नर्सने सांगितले. मग रुख्मिणीने ते तिला परत म्हणून दाखवले. मध्ये एकदा चुकली, तेव्हा नर्सने दुरुस्त केले. धुताना हात पुढून मागे, मागून पुढे कधी नाही.

घरी दुसरेच दिवस सुरू झाले, कष्टाचे, पण त्या कष्टांना आता दिशा होती. शेगडी बाजेखालून निघून चुलीपाशी गेली. ओवा आता विस्तवावर न पडता पोळीत पडू लागला. डिंकाचे लाडू गौसियाने राहू दिले, फक्त त्यांच्या जोडीला पालक आणि पपई आणायला लावली. पॅडचे पुडके फळीवरून खाली आले. नवे घमेले घासून, उकळत्या पाण्याने विसळून ठेवले गेले, आणि दिवसातून दोनदा सारिका त्यात कोमट पाण्यात बसू लागली. पहिल्या दिवशी तिने श्वास रोखला. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी तिने आतून हाक मारून विचारले, अजून थोडा वेळ बसू का. गौसियाने तिला एक व्यायामही शिकवला, लघवी आवरून धरावी तसे आतून आवळायचे आणि सोडायचे. कोणाला दिसत नाही, पडल्यापडल्या करता येतो. हे ऐकताना रुख्मिणी लसूण सोलत होती. तिची बोटे थांबली, आणि लसणाची पाकळी न सोलताच तिने बाजूला ठेवली.

पाण्याचा प्रश्न कचरूने आपणहून सोडवला. गावाबाहेरच्या एका मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून तो सकाळी एक खेप करी, संध्याकाळी दुसरी. बाईमाणसांच्या या घालमेलीत तो तोवर एखाद्या पाहुण्यासारखा अवघडून वावरत होता.

"पानी कुठी लागते थे मले सांगू नका," तो म्हणाला. "किती लागते थेवढं सांगा."

तुकडे आता पत्र्याआड जात नव्हते. रुख्मिणीने साबणाने धुऊन, उकळून, ते अंगणातल्या दोरीवर टांगले. सोमवारी पाऊस पडून गेला होता आणि त्यानंतरचे ऊन धुतल्यासारखे स्वच्छ होते. शेजारीण कुंपणावरून पाहत राहिली, तेव्हा रुख्मिणीने तिला सांगितले की उन्हाने यातले जंतू मरतात, आणि पुढचा चिमटा लावला. त्या पावसात उत्तमरावांच्या तीन सऱ्या भिजल्या. बाकीचे वावर नाजिशने टोळीला हाकून रविवारी संध्याकाळपर्यंत मोकळे केले होते. त्या तीन सऱ्यांचा विषय उत्तमरावांनी पुढे कधी काढला नाही. पण पुढच्या वेचणीला त्यांनी निरोप रुख्मिणीऐवजी नाजिशकडे पाठवला. रुख्मिणीला ते लागले. ते लागायला तिच्यापाशी आता वेळ मात्र थोडा होता.

बुधवारी सकाळी सारिका संडासात गेली. सात दिवसांनी. रुख्मिणी नातीला छातीशी धरून बाहेर उभी राहिली. न्हाणीपाशी कचरू उगाच सायकलची साखळी पुसत होता. आतून काही आवाज येईना. लेकरू कुरकुरले, ती त्याला हलवत राहिली. सबंध गावाचा वारा थांबला आहे असे तिला वाटले. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, कडी सरकली आणि सारिका दारात आली. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी.

"झालं," ती म्हणाली. "तुटलं नाई काई."

कचरूने साखळीवर तेलाचा एक थेंब सोडला आणि पाठ फिरवून सायकलवर टांग मारली. दुपारी तो अख्खी पपई घेऊन आला. इतका आनंद त्याने नात झाल्यावरही दाखवला नव्हता, असे म्हणून दोघी मायलेकी हसल्या. हसताना सारिकाने सवयीने पोटाखाली हात धरला, आणि मग तो काढून घेतला.

पंधरा दिवसांनी त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा धम्मरत्नही आला होता. तो बाहेर लेकरासाठी टोपी विकत घेण्याच्या वाटाघाटी करत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासले. सूज नाही, लाली नाही. टाके विरघळत आले होते आणि कडा एकमेकींना नीट धरून होत्या. आता महिन्याने या, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली. सारिका साडी सारखी करून बाहेर आली. तिच्या चालण्यात अजून जपणूक होती, पण भीती नव्हती.

रुख्मिणीने नात लेकीच्या हातात दिली. इथे थांब, ती म्हणाली, आणि केसपेपरच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सारिकाला वाटले, काही कागद राहिला असेल. ती मागोमाग गेली. रांग पुढे सरकली. खिडकीतल्या कारकुनाने रुख्मिणीला ओळखले. बाळंतिणीचा कागद तर झाला ना, तो म्हणाला.

"दुसरा पायजे."

कोणाच्या नावाने, त्याने विचारले.

"रुख्मिणी कचरू तायडे."

त्याने लिहिले. वय विचारले, तेही लिहिले. मग, खोकला लिहायचा की गुडघेदुखी अशा अंदाजाने पेन कागदावर टेकवून, त्याने त्रास काय ते विचारले. मागे सात-आठ माणसे होती. त्यांतले दोन पुरुष तिच्या इतके जवळ होते की त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. रुख्मिणीने खिडकीचा गज धरला.

"बाळंतपनात फाटलं. शिवलं नोतं कोनं."

कारकुनाने मान वर केली. तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिले. किती दिवस झाले, त्याने विचारले.

"चोवीस वर्सं."

पाठीमागून सारिका एक पाऊल पुढे आली. मग कारकुनाने मान खाली घातली आणि जसा तो ताप लिहितो, जशी सर्दी लिहितो, तसे ते लिहून घेतले. दीड ओळीत मावले. कागद खिडकीतून बाहेर आला तेव्हा तो घ्यायला रुख्मिणीचा हात उठेना. सारिकाने लेकरू एका खांद्यावर घेतले, मोकळ्या हाताने कागद उचलला, आणि म्हणाली,

"चाल माय. तपासाची खोली मले माहीत हाय."